सैल अंगाचा माणूस

हसा, हसा मास्तर — नाकातून का होईना, हसा. जबडा तारेनं बांधलाय म्हणून तुमचं हसू मला कळत नाही असं समजू नका. पण मला एक सांगा — सांगू नका, ती पाटीही राहू दे, नुसती मान हलवा — आपल्या दोघांत जास्त कोण मोडलंय? तुम्ही पडलात कशावरून? सायकलवरून. सायकल! कमरेएवढी उंची. आणि मी? मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून खालच्या पत्र्यावर, आणि पत्र्यावरून फरशीवर. तुम्ही आयुष्यात थेंबही घेतला नाहीत — तुमच्या बाईंनीच सांगितलं ना काल, सिस्टरला, अशा थाटात की जणू सरकारनं पदक दिलंय — आणि तुमचा जबडा गेला, दात गेले, उजवं मनगट गेलं, आता नळीतून पेज ओढताय. मी पडलो तेव्हा कसा होतो? भरलेला होतो. चांगला भरलेला. आणि माझं गेलं काय? एक मांडी आणि चार बरगड्या. का? विचारा ना का — नाही, राहू दे, मीच सांगतो.

अंग सैल होतं म्हणून. साधी गोष्ट आहे, पण ती कळायला पाइपात हात घालावे लागतात, पुस्तकात नाही. कडक पाइप आपटला की तडकतो, रबरी नळी आपटली की उडी मारते आणि पडून राहते. तुम्ही पडताना काय केलंत? घाबरलात, ताठ झालात, हात पुढे केलात — झालं, मनगट. मला पडतोय हेच ठाऊक नव्हतं. पोत्यासारखा आलो खाली. तो आमचा पंपवाला, माझा दोस्त, खालीच उभा होता, तो म्हणतो, पत्र्यावर आपटून तू असा घरंगळलास की मला वाटलं कुणी गादी टाकली वरून. म्हणजे मला वाचवलं कुणी? देवानं? डॉक्टरनं? हे मी त्या शिकाऊ डॉक्टरला सांगितलं, तो चष्मेवाला, मिशी फुटायची आहे अजून — तर तो मला म्हणतो, काका, मार लागल्यावर वाचणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. वा! काय वाक्य आहे! आरशासमोर पाठ करून आला असणार. म्हणे काही पिणारे वाचतातही, पण मग जखम भरत नाही, हाड धरत नाही, रोज पिणारा असेल तर फारच. मी म्हटलं, रोज पिणाऱ्याला सांग ना मग, मला कशाला सांगतोस?

आणि जखम भरली नाही ती कुणामुळे? त्यांच्यामुळे! टाके नीट घातले नव्हते. मी असा जोड करून आलो असतो तर गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा दारात उभं केलं नसतं. तुम्ही तेव्हा नव्हता या खाटेवर, नाहीतर बघितलं असतंत. पहिलं ऑपरेशन झालं, एक-दोन दिवस बरा होतो, आणि मग ते छत गळायला लागलं. हो, हेच छत, त्या पंख्याच्या वर. आधी थेंब, मग धार, मग सगळी भिंत ओली. मी ओरडतोय, अरे वरचा व्हॉल्व्ह बंद करा, माणसं भिजताहेत, पाना द्या कुणीतरी — आणि ही सगळी मंडळी नुसती माझ्याकडे बघताहेत. मग मीच उठलो. उठणारच ना, माझं कामच आहे ते. उठलो तर टाके उसवले, मांडीत घातलेला दांडा हलला, आणि चौघांनी धरून माझे हात या कठड्याला बांधले. भ्रम म्हणे. डोक्याला मार लागलाय म्हणून डोक्याचे फोटो काढले, दोनदा काढले, काही सापडलं नाही. सापडेल कसं? डोक्यात काही नव्हतंच. अहो, हसू नका त्याला — तसं नाही म्हणालो मी. हात बांधले तेव्हा मी रडलो म्हणे. आईला हाका मारत होतो म्हणे. बायको सांगते, तिला कुणी विचारलं होतं?

आता तुम्ही भुवया वर करताय. कळतंय मला. घोट बंद झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होतं, हे मला ठाऊक नाही होय? आमच्या वडिलांना झालं होतं, ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायचे. मला सगळं ठाऊक आहे. पण त्या डॉक्टरांना ते कळू नये? एवढं शिकलेत! बायकोला विचारलं त्यांनी, घेतात का हो? तर ती म्हणाली, छे, तसलं काही नाही, त्या दिवशी कुणीतरी आग्रह केला असेल. चटकन म्हणाली, अडखळली नाही. अडखळेल कशी? किती वर्षं म्हणतेय. माहेरी विचारलं, छे. शेजारी विचारलं, छे, पित्त झालंय त्यांना. गिऱ्हाईक दारात आलं की, ताप आहे, उद्या येतील. तयार करून घेतलीय मी तिला. आणि आता मात्र बाईंना सुचलंय की डॉक्टरांना खरं सांगू या. आता! मी म्हटलं, पोरीची शपथ आहे तुला. तर रडत बसली त्या स्टुलावर. कालपासून आलेली नाही. नको येऊ दे.

पोरगी येते ना पण. पाहिलीत ना, निळ्या पर्सवाली, तुम्हाला वाकून विचारते, काका कसे आहात — तीच. तिला वाटतं मी सोडली. तिचं बाळ झालं तेव्हा ती म्हणाली, बाबा, पिऊन आलात तर बाळाला तुमच्या हातात देणार नाही. तोंडावर म्हणाली. हिंमत बघा, बापाला अट घालते! मी म्हटलं, सोडली, जा. आणि तिनं दिलं की हो लगेच. मांडीवरच झोपतं ते माझ्या, याच मांडीवर, उजव्या. ती चहा करायला आत जाते आणि मला एकट्याला त्याच्याजवळ बसवून जाते. एकट्याला. माझ्या सख्ख्या भावानं मला कधी घराची किल्ली दिली नाही, मास्तर. तेव्हा डॉक्टरांना सांगू? की सकाळी उठल्यावर एक पोटात गेल्याशिवाय हा हात पाना धरत नाही? कप उचलत नाही? बाळाला घेताना हातातून निसटेल म्हणून आधी थोडी घेऊन जातो मी, लवंग चघळत — आता हे तुम्हाला का सांगतोय मी? तुमचं तोंड बंद आहे म्हणून. ही एक तुमची सोय बरी आहे.

आज मांडी पुन्हा उघडणार आहेत ना, म्हणून त्या भूल देणाऱ्या बाईंनी सकाळी अर्धा तास डोकं खाल्लं. रोज घेणाऱ्याला भूल द्यायची तर आधी कळावं लागतं, म्हणे, मग आम्ही औषधं देऊन ठेवतो, तयारी ठेवतो, कुणी ओरडणार नाही तुम्हाला, काका. आणि नाही कळलं तर टेबलावरच — असं म्हणाल्या आणि थांबल्या. टेबलावरच काय? बोला ना पुढे. घाबरवतात माणसाला. आणि सकाळपासून काही खायचं नाही, प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. इथं हात बघा माझा. बघा. चादर हलतेय की नाही? या हातानं सही कशी करायची कागदावर?

जरा तो पडदा ओढा तुमच्या बाजूचा. डाव्या हातानं ओढा हो, तो तर धड आहे. ही खोकल्याची बाटली. पंपवाला काल ठेवून गेला उशीखाली, देवमाणूस. लेबल खोकल्याचं आहे. बघताय काय असे? दोन घोट. औषधच आहे ते. सैल अंगानं पडलो आणि वाचलो, आता सैल अंगानं टेबलावर जातो. तुमच्यासारखा ताठ होऊन जाऊ? हां. बघा आता. बघा हात. थांबला की नाही? त्या भूलवाल्या बाईंची सगळी विद्या एकीकडे आणि — श्श! पावलं वाजली. बाटली — राहू दे, उशीखाली आहे. लवंग कुठं ठेवली मी?

या डॉक्टर, या या. तुमचीच वाट बघत होतो. अगं, तू पण आलीस? बाळ कुणाकडे? आजीकडे होय, बरं केलंस, इथं नको आणूस, इथं नाना रोग. हो डॉक्टर, उपाशी आहे. एकदम उपाशी. घोटसुद्धा नाही, पाण्याचासुद्धा नाही. दारू? सकाळी सांगितलं ना तुम्हाला. हिला विचारा, हिच्यासमोर सांगतो, सोडली त्याला आता — बाळ केवढं झालं गं? बघा, तेवढे दिवस झाले. वास? स्पिरिटचा असेल, सगळ्या वॉर्डालाच येतो. माझ्यावर नसेल विश्वास तर या मास्तरांना विचारा, शेजारीच असतात, सज्जन माणूस, जन्मात थेंब घेतलेला नाही, ते काय खोटं बोल—

मास्तर, पाटी कशाला घेताय?

नाही डॉक्टर, त्यांना धड लिहिता येत नाही, डावा हात आहे तो. सकाळपासून नुसत्या रेघोट्या मारतायत. मास्तर, खडू ठेवा खाली. पुसा ते. मी गंमत करत होतो तुमची, गंमत कळत नाही होय तुम्हाला? — अगं, तू कुठं चाललीस त्या बाजूला? तू नको वाचूस. इकडे बघ. माझ्याकडे बघ ना, पोरी.

बघ ना माझ्याकडे.