वर्गणी कंच्या देवाची?

शंभरातले तीस! आता तुमीच सांगा राव, फाट्यावर कांदा न्हेला तर हमाली-तोलाई कापत्यात, पण व्यापारी निदान च्या तरी पाजतो, तोंडावर चार शिव्या तरी देता येत्यात... हे मोबाईलमधलं ॲपचं दुकान! ना गाळा, ना गादी, भांडायला जावं तर बसलाय कुठं तेच म्हाईत न्हाई!

मी म्हंजी आळे गावच्या 'शिवारहाक' साप्ताहिकाचा मालक, संपादक, वार्ताहर आन् झाडूवाला! कागद परवडंना म्हणून ॲप काढलं. बातमीसाठी बिबट्यामागं उसात शिरलो मी, चप्पल गेली माझी, आन् वाचकानं वर्गणी भरली की शंभरातले तीस दुकानाचे! का? तर म्हणे दार आमचं! डोकंच फिरलं, ॲपमधीच पाटी ठोकली, 'इथं भरू नका, वर्गणी थेट संपादकाकडं द्या!' ...दुकानानं अख्खं ॲपच भाईर फेकलं! बायको, मोहिनी, म्हणती, "त्येंच्याच दुकानात हुबं ऱ्हाऊन गिऱ्हाईक पळवता व्हय?" हिला कुणी विचारलं व्हतं?

आता अंक बंद पडायची पाळी! म्हणलं, दारोदार फिरू. आन् इथंच माती खाल्ली... झुंबरकाकूच्या दारात गेलो. "काकू, वर्गणी."

"कंच्या देवाची?"

"देवाची न्हाई... माझी."

म्हातारीनं मला खालवर न्याहाळलं, अकरा रुपये हातावर ठेवले, वर म्हणती, "स्पीकरवर नाव पुकार बरं का!" शेजारचा सावळेराम म्हणतो, "आमची घरटी वर्गणी भैरवनाथाला भरली की!" एकजण तर इचारतो, महाप्रसाद कधी? आठवडाभर हिंडलो, मिळालं काय? दोन नारळ आन् फ्लॉवरचा गड्डा!

शेवटी दुकानाचे पाय धरले. पाटी काढली, 'वर्गणी' खोडून 'सबस्क्रिप्शन' लिव्हलं, ॲप परत लावलं... आन् लोकं भरायला लागली की! पयला कोण? सावळेराम! गाठला त्याला. "का रं, दारात आलो तर भैरवनाथ दाखवलास, आन् तिथं शंभरातले तीस परक्याच्या घशात घालतोस?"

म्हणतो कसा, "भाऊ, तुला न्हाई म्हणता येतं. पैसं भरल्याबिगर त्ये उघडतच न्हाई, त्याला काय म्हणू?"

तवा कळलं, तीस कशाचे! आपल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं मला जमत न्हाई, त्यो दुकानवाला लावतो... घेऊ दे बाबा. पण तुमाला सांगतो, नुसतं दार लावायचे शंभरातले तीस... लईच व्हत्यात राव!