सरड्यांचा पत्ता

देवाशपथ सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. म्हणजे एक वाक्य आहे, पण त्याला अजून वेळ आहे.

दोन हजार आठच्या सुमारास मी घोटावड्यात भाड्याने राहायला आलो. घरमालक शंकरकाकांच्या करवंदाच्या कुंपणात रंग बदलणारे मोठे सरडे होते. त्यांच्यापायी काका कुंपण तोडत नसत. मी एका सरड्याचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली हौसेने गाव, ओढा, कुंपण असा सगळा पत्ता लिहिला.

महिन्याभरात सरडे दिसेनासे झाले. काकांना विचारलं.

"अवो, तुमचा दोस्त घिऊन गेला न्हवं. तुमच्याच फोटूचा कागद व्हता त्याच्या हातात. च्या पाजला, सरडं दाखवलं."

"किती नेले?"

"सा. खोकं बी मीच दिलं. गुदमरतील म्हनून भोकं पाडून दिली."

त्याच आठवड्यात एका साइटवर माझाच फोटो दिसला, खाली 'विकणे आहे'. माझं नाव तेवढं खोडलेलं. तक्रार केली, उत्तर आलं नाही. शेवटी काकांना सांगितलं, की तो दोस्त नव्हता, सरडे विकणारा होता.

काका मग कोयता घेऊन उठले.

"आता कुणासाठी ठिवायचं कुंपण?"

मी म्हणालो, "थांबा काका, सकाळीच एक पिल्लू दिसलं मला."

ते पिल्लू मी रचलेलं. कुंपण अजून उभं आहे. काका रोज त्यात डोकावतात आणि मला विचारतात, "कुटं दिसलं व्हतं म्हनला?"