कंदिलाची वाकडी काच

पौडच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि सॅकवाली मुलगी बोलत होत्या.

“आजी, तुम्हीपण भरे गावातल्या काच फुंकायच्या स्टुडिओतून आलात ना? मी तिथं क्लासला जाते.”

“व्हय. कंदिलाची काच करून आनली. जुनी फुटली, कोंडिबानं फुंकलेली.”

“म्हणजे इंद्रजितसरांचे वडील?”

“त्योच. वारला बिचारा. त्याची काच कायम एका अंगाला कललेली. ती बाजू आमी भिंतीकडं फिरवून टांगायचो.”

“सर तर म्हणतात, फुंकायची नळी फिरवताना बोलायचंसुद्धा नाही. हात थांबला की काच कलते.”

“कोंडिबाचा थांबायचाच. दारात मानूस दिसलं की ‘या, बसा’ म्हनल्याबिगर त्याला ऱ्हावायचं न्हाई. मी त्याच्या पोराला म्हनलं, मला तसलीच वाकडी दे.”

“दिली?”

“दोनदा केली, दोन्ही सरळ. हात चुकंचना त्याचा. मग तो तिसरी फुंकत हुता, तवा मी गुमान भाईर गेले अन् परत दारात येऊन हुबी ऱ्हायले.”

“आणि?”

“त्यानं वर बघितलं. म्हनला, ‘या मावशी, बसा.’ बापाचाच आवाज.”

“काच कलली?”

“कलली की.”

“दाखवा ना!”

“ती त्यानं ठिवून घेतली. हातात धरून बसलाय. मला मागवंना. मी आपली सरळच आनली.”

“मग आता?”

“आता काय? ही बी भिंतीकडं फिरवून टांगीन. वाकडीच हाय म्हनायचं.”