मनकर्णा जे सांगून गेली

हॅलो?… कोण, शीतल व्हय? शहादेवमामाच बोलतोय… थांब, टँकरपासून लांब जातो. हितं सगळे कान लावून उभे हायत… हां, बोल.

जेवलो… पिठलं केलं. खारट झालं. तुझी आत्या असती तर म्हशीलाबी घालू नका म्हणली असती… हो, सव्वा महिना झाला तिला जाऊन.

रडू नको… अगं, ऐक तर… काय शिकवलं नर्सिंगच्या वर्गात?… पेशंटला इचारल्याबिगर त्याचा आजार कुणालाच सांगायचा न्हाई?… घरच्यालाबी न्हाई?… असा कायदा हाय व्हय.

आत्यासंगं दवाखान्यात गेलतीस, तवा तुला हे ठावं नव्हतं, पोरी… कावून सांगितलंस, तेबी कळतंय. आत्याला हंडे उचलू देऊ नको, म्हणून आईच्या कानावर घातलंस… पर तुझी आई चारा छावणीत बोलली. सगळ्या गावची जनावरं तिथं, माणसंबी तिथंच. सांजच्याला सगळ्यांना ठावं, मनकर्णाला टीबी हाय.

मला?… मला दूध संस्थेत कळलं. बबनराव म्हणला, उद्यापासून तुझं दूध आणू नको. मी म्हणलं, कावून बे? तवा सांगितलं त्यानं… मला तर ती ताकदीच्या गोळ्या म्हणायची.

दूध मग रेडकाला सोडायची… आन् गोळ्या आणायला जायचीच बंद झाली. लोक बघतेत, म्हणायची.

माफी माझ्याकडं नको मागू… तिच्याकडं मागितलीस?… कधी? शेवटच्या दिवशी?… मी चहा आणायला गेलतो तवा?

बोलली ती?… माझ्यासंगं दोन दिस एक शब्द न्हाई… काय म्हणली गं?… माझ्याबद्दल?… थांब. बसतो जरा… हां, सांग.

सांग की… कुणाला सांगू नको म्हणलीती?… मलाबी न्हाई?… माझं नाव घेऊन?

…हाय, हाय. ऐकतोय.

मग नको सांगू, शीतल.

न्हाई… लई वाटतंय गं. पर नको. उद्या मी हात जोडले, तरी सांगू नको. तिचं एवढं तरी राहू दे तिच्यापाशी.

परीक्षा कधी हाय?… नीट लिही… हो. ठेव आता. तू ठेव आधी…

शीतल?… काय म्हणलीती गं ती?…

शीतल?…

ठेवलास व्हय… बरं केलंस, पोरी.