न उतरलेला भंडारा

मंडळी, ऐका! माझ्या धाकट्या कुसुमचं लग्न झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. पण आधी एक सांगा – देवाला उपाशी भक्त लागतो का? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या!

माझे व्याही सयाजीराव. वजन एकशे अडतीस किलो! मांडवात त्यांना एकट्याला दोन खुर्च्या लागल्या – हसा, तेही हसले होते! पण यकृतावर चरबी चढलेली. ज्येष्ठात पुण्याला ऑपरेशन झालं. पोट कापून वाटीएवढं केलं! डॉक्टरांनी बजावलं, "थोडं खा, पण डाळ, अंडी, पनीर रोज हवं. गोळ्या चुकवू नका. उपवास तर अजिबात नाही!"

दसऱ्यापर्यंत चाळीस किलो उतरले. यकृतही सुधारलं! अन् इथंच घात झाला – आरशाची गोडी लागली! "कमी खाऊन एवढं उतरलं, तर न खाता किती उतरेल?" डाळ सुटली, गोळ्या सुटल्या. उरला नुसता चहा!

मार्गशीर्षात खंडोबाचे सहा दिवसांचे उपवास आले. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, वाटीभर वरण तरी घ्या!"

"देवाच्या कामात डॉक्टर आणू नकोस!"

अन् मी काय केलं? पाचव्या दिवशी, कीर्तनात याच जागी उभं राहून त्यांना हार घातला – "बघा मंडळी, याला म्हणतात निग्रह!" तुम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवल्या ना?

चंपाषष्ठीला भंडारा उधळला. सगळं गाव हळदीनं पिवळं! त्यात एक माणूस आतून पिवळा झालाय, हे कुणाला दिसावं? दुसऱ्या सकाळी विहीणबाई धावत आल्या.

"व्याहीबुवा, दोनदा आंघोळ घातली! ह्यांचा भंडारा उतरतच नाही हो!"

मी गेलो. त्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या. अरे देवा – डोळ्यांच्या आत कुणी भंडारा टाकतं का?

यकृतानं हात टेकले होते. उशाशी डॉक्टरांची चिठ्ठी होती. मला अक्षरं पन्नाशीत आली, पण 'उपवास करू नये' एवढं वाचता येत होतं! हार घालण्याआधी मी ती मागितलीच नाही!

खंडोबानं तो उपवास मागितला नव्हता, मंडळी. तो आपल्याला हवा होता – मला अन् तुम्हाला! आता कुणी उपाशी राहिला, तर पाया पडण्याआधी म्हणा – "बाबा, आधी तुझी चिठ्ठी दाखव!"

सयाजीराव त्याच मार्गशीर्षात, वद्य नवमीला सकाळी वारले. वय त्रेपन्न.