औषधाचा पाळणा

देवाशप्पथ खरं सांगतोय, भिया — म्हणजे, बऱ्यापैकी खरं, शेव थोडी मी वरून घातलीये, पण पोहे अस्सल — ऐका तर. आमची अबोलीताई, चुलतबहीण, तिने नोकरी सोडून इन्सुलिन न्यायचा डबा बनवला. प्रॉब्लेम काय, की लांब देपालपूर गावापर्यंत बाईकवर न्यायचं तर बर्फ पाहिजे, आणि शीशी बर्फाला टेकली की औषध गोठतं, गेलं कामातून. तुम्ही काय केलं असतं? फ्रीजर? बाईकवर? हां, बसा. ताईने डब्यात शीशीला पाळणा टांगला — खड्डा आला की झुलते, टेकत नाही, बस्स! तर पेटंटवाले साहेब म्हणे, हे कोणालाही सहज सुचेल, मग पेटंट कशाचं? व्हिडिओवर सुनावणी. ताई कॅमेऱ्यासमोर बसलेली, आणि मागून सुधाकरकाका, तिचे वडील, चहा घेऊन हजर. साहेब सहज बोलले, मुलगी हुशार आहे हो तुमची — आता आपल्या मराठी घरात पोरीचं कौतुक झालं की बाप काय म्हणतो? तेच! "छे हो साहेब, त्यात काय एवढं, कोणालाही सुचेल की!"

मर गए ना! साहेब लिहायलाच लागले. ताईने काकांकडे असं पाहिलं, की चहावर साय धरली. मग म्हणाली, सर, थांबा — कायद्यात विचारतात ना, की त्याच धंद्यातल्या साधारण अकलेच्या माणसाला सुचेल का? आमच्याकडे तसा आहे एक. फार्मासिस्ट. डबा अजून पाहिला नाहीये त्याने. आणून बसवला त्याला. साहेबांनी विचारलं, शीशी बर्फाला टेकू नये, काय कराल? तो गडी विचार करतोय, करतोय — म्हणाला, मोजा घालू. शीशीला. लोकरीचा. साहेब म्हणाले, भिजला तर? मी म्हटलं, दुसरा घालू — म्हणजे तो म्हणाला, तो! — मग म्हणाला रजई, मग म्हणाला बाईकच हळू चालवू. साहेबांनी पेन ठेवलं. "अबोलीजी, यांना पाहून माझी खात्री पटली. आक्षेप मागे." काका नाचले, भिया, चहासकट! ताईने मला कडकडून मिठी — त्याला, हो — बरं बाबा, मलाच! बी.फार्म. आहे मी, भंवरकुआंला मेडिकल आहे माझं, कोणाला बोलू नका, गिऱ्हाइकं पळतील.

काय? पाळणा तुम्हालाही सुचला असता? आता? ऐकल्यावर? वा रे भिया! चला, उठा, दोन प्लेट पोहे, पावभर जलेबी, द्या पैसे — एवढे हुशार आहात, माझं पाकीट घरी राहिलंय हे तर कधीच सुचलं असेल.