बॉयलरच्या गळ्यातला हार

तुम्ही हसाल, पण वाफेचा आवाज आला की अजून मी दोन पावलं मागं सरतो. आमच्या नारपोलीच्या कारखान्यात सुताला खळ लावतात. थंडीत ती खळ लगेच घट्ट होते, वाफ जास्त लागते. म्हणून दसरा झाला की बॉयलर धुऊन पूर्ण वाफेवर चालवून बघायचा.

गेल्या वर्षी असा चालवला, तेव्हा दाबाचा काटा लाल रेघेच्या पुढं गेला, तरी जादा वाफ सोडणारी सेफ्टीची दांडी उचलेना. वर बघतो तर शेठनी दसऱ्याचा हार लाल नाड्याने त्या दांडीलाच करकचून बांधलेला.

"रामधनी, नाडा काप," मी भट्टी सांभाळणाऱ्या फायरमनला ओरडलो.

रामधनी सुरी घेऊन शिडीपाशी गेला आणि खाली बसला. वरचा पत्रा थरथरतोय आणि हा बुटाची लेस सोडतोय.

"अरे, काय करतोस?"

"पूजा का धागा है, भाऊ. जूता पहन के कैसे छुऊँ?"

अनवाणी चढला, नाडा कापला. वाफ अशी सुटली की संध्याकाळपर्यंत मला काही ऐकू येईना.

यंदा शेठ परत हार घेऊन आले. रामधनी बॉयलरपुढं उभा राहिला.

"मेरे गले में डालो, शेठ. मैं तो फटने से पहले बोलूँगा."